आपलं कुणी नसलेला मुलूख

परदेशात शिकायला जायचं आहे, हे मी घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अम्मी भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "कुठं?"

"इंग्लंडच्या बाजूला."

"मग बरं हाय. तुझा मामू हाय तितं."

तिच्या लेखी विषय तिथंच मिटला. माझा मामू, म्हणजे तिचा थोरला भाऊ, इंदापूरचा. माझ्या जन्माआधीच तो बर्मिंगहॅमला गेला, तिथं त्यानं घरगुती सामानाचं दुकान टाकलं, घर घेतलं. आमच्या सगळ्या नात्यात इंग्लंड म्हणजे मामूचं घर. त्या घराला एक देश जोडलेला आहे, एवढंच.

मी म्हटलं, "मला मामूकडं नाही राहायचं. मला वेल्सला जायचंय."

"ते काय असतं?"

"त्याच बाजूला आहे. पश्चिमेला. समुद्राकाठी."

"तितं आपलं कोण हाय?"

"कुणी नाही."

अम्मीनं आता हात थांबवला आणि माझ्याकडं बघितलं. तापात बडबडणाऱ्या पोराकडं बघावं तसं.

आम्ही बारामतीत राहतो. अब्बा शेळ्यांचा व्यापार करतात. मोरगावच्या बाजूच्या कोरडवाहू गावांतून शेळ्या-बोकड घ्यायचे आणि बारामती-इंदापूरच्या बाजारात विकायचे, हा त्यांचा धंदा. मी घरातली कॉलेजला गेलेली पहिली मुलगी. बारामतीतच शेतीची पदवी घेतली. शेळ्यांच्या घरातली पोर शेती शिकते याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण शिकून झालं की लग्न होईल असा सगळ्यांचा हिशेब होता. परदेश त्या हिशेबात नव्हता. वेल्स तर नकाशातही नव्हता.

पण मला वेल्सच का हवा होता, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना सणसरचे एक ऊसवाले शेतकरी सकाळीच आमच्या दारात पिकअप घेऊन आले. मागं एक मेलेली शेळी होती. त्यांनी ती उतरवून सरळ आमच्या उंबऱ्यासमोर ठेवली.

"चाचा, असला माल देता व्हय? ही तिसरी."

अब्बा खाली बसले. शेळीच्या जबड्याखाली पिशवीसारखी सूज होती. त्यांनी तिचे डोळे उघडून बघितले, तोंड बघितलं. "दिली तवा चांगली होती," ते म्हणाले. "मोरगावची हाय. म्या सोता बघून घेतली."

"मग माझ्या गोठ्यात काय जादू झाली का?"

अब्बांनी वाद घातला नाही. दुसरी शेळी देतो म्हणाले. पण तो माणूस गेल्यावर ते बराच वेळ तिथंच बसून राहिले. बाजारात त्यांच्या शब्दाला किंमत होती आणि आपला शब्द कुठं खोटा पडला हे त्यांना कळत नव्हतं. मीच म्हटलं, जनावरांच्या दवाखान्यात नेऊ. तिथल्या डॉक्टरांनी शेळी फाडली आणि काळीज, म्हणजे यकृत, कापून आम्हाला दाखवलं. आत पानासारखे चपटे जंत होते. कालव्याच्या कडेला, उसाच्या सरीत साचलेल्या पाण्यात बारीक गोगलगायी असतात, त्यांच्यातून हे जंत गवतावर येतात, गवतातून शेळीच्या पोटात, असं त्यांनी सांगितलं.

"मोरगावला असलं कधी बघितलं न्हाय," अब्बा म्हणाले.

"मोरगावला पाणी कुठंय?" डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

तो दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही. बाभळीच्या शेंगा आणि वाळका पाला खाऊन जी शेळी धडधाकट जगली, ती हिरव्या गवतात आणि पाण्यात गेल्यावर मेली. आमच्या तालुक्यातून शेजारच्या तालुक्यात गेली एवढंच तिचं झालं. मी पुस्तकं धुंडाळली, मग इंटरनेटवर वाचत सुटले. या जंताशी सगळ्यात जास्त कोण झगडलंय? तर जिथं बारमाही ओल आणि बारमाही मेंढरं आहेत ते लोक. वाचता वाचता एक नाव पुन्हा पुन्हा येत राहिलं. वेल्स. तिथल्या एका विद्यापीठात जनावरांच्या आजारांचा अभ्यासक्रम होता आणि तिथले लोक याच जंतावर, याच गोगलगायीवर काम करत होते. गाव लहान. समोर समुद्र, मागं डोंगर.

मी ठरवून टाकलं. कुणाला न विचारता ठरवलं आणि मला त्याचं अजूनही काही वाटत नाही.

घरी मात्र ठरलं होतं बर्मिंगहॅमचं. अम्मीनं त्याच संध्याकाळी भावाला फोन केला. मामूला आनंद झाला. त्यानं बारामतीत भिगवण रोडवर परदेशी शिक्षणाचं काम करणाऱ्या एका कन्सल्टन्सीचा नंबर कुणाकडून तरी मिळवला आणि त्यांच्याशी तिकडूनच बोलून घेतलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. अब्बा म्हणाले, चल, चौकशी करून येऊ, तेव्हा मला वाटलं खरंच चौकशी करायची आहे. मी माझे सगळे दाखले, गुणपत्रिका फाईलला लावून बरोबर घेतल्या.

ऑफिस काचेचं होतं. भिंतीवर परदेशी गेलेल्या मुलामुलींचे फोटो, प्रत्येकाच्या खाली देशाचा झेंडा. टेबलामागच्या सरांनी माझी फाईल घेतली, चाळली आणि बाजूला ठेवली.

"तुमच्या मामांशी बोलणं झालंय," ते म्हणाले. "बर्मिंगहॅमला बिझनेस मॅनेजमेंट. राहायची सोय घरचीच, म्हणजे काही प्रश्नच नाही. पुढच्या आठवड्यात अर्ज टाकू."

मी म्हटलं, "मला मॅनेजमेंट नाही करायचं. मला वेल्सला जायचंय. तिथला अभ्यासक्रम मी बघून ठेवलाय."

त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं. मग अब्बांकडं वळून बोलायला लागले, मी खोलीत नसल्यासारखे. "हे बघा, मुलांना कळत नसतं. वेल्स म्हणजे आपल्या भाषेत खेडं. खेड्यातून निघून कुणी खेड्यात जातं का? आणि जंतांवर शिकून नोकरी कोण देणार? मोठं शहर, आपली माणसं, आपलं खाणंपिणं. आम्ही इतकी मुलं पाठवली, एकही असल्या ठिकाणी गेलेली नाही."

"मग मी पहिली," मी म्हटलं. "माझी फाईल द्या."

"मॅडम, तुमच्या मामांनी..."

"फाईल माझी आहे. मामूची नाही."

सर पुन्हा अब्बांकडं बघायला लागले. अब्बा टोपी हातात घेऊन बसले होते. त्यांना त्या गार हवेत, त्या गुबगुबीत खुर्चीत अवघडल्यासारखं झालं होतं, हे मला दिसत होतं. ते हळू म्हणाले, "तिची कागदं तिला द्या सायेब."

आम्ही बाहेर पडलो. घरी येताना वाटेत एका चहाच्या टपरीवर अब्बांनी मोटरसायकल थांबवली, दोन चहा सांगितले आणि चहा येईपर्यंत रस्त्याकडं बघत राहिले.

"आधी मला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

"तुम्ही अम्मीला सांगितलं असतं."

"व्हय, सांगितलं असतं." ते थोडं हसले. मग म्हणाले, "तितं पाऊस लई म्हणतीस. शेळीला वल सोसत न्हाय. तुला सोसंल?"

"शेळीला कुणी विचारत नाही अब्बा. दावं धरून नेतात. मी माझ्या पायानं चाललेय."

त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "तुझ्या मामूला तूच सांग मग. मी न्हाय सांगणार."

अर्ज मी घरीच बसून भरला. इंग्रजीची परीक्षा पुण्याला जाऊन दिली. काही दिवसांनी तिकडच्या एका प्राध्यापक बाईंनी माझी लॅपटॉपवर मुलाखत घेतली. तुम्ही कोरड्या प्रदेशातल्या, मग आमच्या पावसात कशाला येता, असं त्यांनी विचारलं. माझं इंग्रजी अडखळत होतं. मी त्यांना आमच्या दारात ठेवलेल्या शेळीची गोष्ट सांगितली. मोरगाव, सणसर, कालवा, सगळं. त्या शेवटी म्हणाल्या, तुमच्या कालव्याकाठी कोणत्या जातीची गोगलगाय आहे? मी म्हटलं, माहीत नाही, तेच शिकायचंय. प्रवेश मिळाला. पैशाची जुळवाजुळव अब्बांनी आणि मी कशी केली ती आमची आम्हाला ठाऊक. त्याची कहाणी मी कुणाला सांगत नाही.

मामूला सांगायचं राहिलं होतं. तो योग आपोआप आला. नात्यातल्या एका लग्नासाठी मामू इंदापूरला आला. लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आजोळच्या घरी जेवायला बसलो होतो. मामू इतकी वर्षं बाहेर राहिला तरी त्याचं बोलणं इंदापूरचंच राहिलंय. तिथून आणलेली चॉकलेटं वाटत तो मला म्हणाला, "वरची खोली रंगवून ठिवलीय तुझ्यासाठी. खिडकीतनं बाग दिसती."

मी ताट बाजूला सरकवलं. "मामू, मी तुमच्याकडं राहायला येणार नाही. मला वेल्सला प्रवेश मिळालाय."

त्याला आधी वाटलं मी चेष्टा करते. मग त्यानं अम्मीकडं बघितलं. अम्मीनं मान खाली घातली. अब्बांनी भातात हात घालून ठेवला होता, पण घास उचलत नव्हते.

"एकाच देशात ऱ्हाऊन मामाच्या घरात ऱ्हाणार न्हाईस?" तो म्हणाला. "लोक काय म्हणतील? मामूनं भाचीला ठेवून घेतलं न्हाय म्हणतील."

"मी सगळ्यांना सांगेन, मामूनं बोलावलं होतं, मीच गेले नाही."

"आगं, मी गेलोय त्या बाजूला. डोंगर आन् मेंढरं, दुसरं काय न्हाय. हलाल मटान बी मिळायचं न्हाय."

"बाजारात माल खपला नाही की आम्ही अंडी खाऊन राहतो. तिथंही राहीन."

"आजारी पडलीस तर? पोरीची जात, एकली..."

मग मी ते विचारलं. विचारायचं असं ठरवलं नव्हतं, पण तोंडातून गेलं आणि मी ते परत घेणार नाही. "मामू, तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा तिथं आपलं कोण होतं?"

मामूनं पाण्याचा ग्लास उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"कुनी न्हवतं," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "म्हनूनच सांगतोय. पयली दोन वर्सं मी कशी काढली ते मी तुझ्या आईलाबी कधी सांगितलं न्हाय. तुझ्यावर ती येळ येऊ नये."

हे तो प्रेमानं बोलत होता. मला ते तेव्हाही कळलं. प्रेमानं अडवणाऱ्याशी भांडणं फार अवघड असतं, शिव्या देऊन अडवणाऱ्याला निदान उलटून बोलता येतं. मी म्हटलं, "तुमच्यावर आली म्हणून तुम्ही हे सगळं उभं केलंत मामू. माझ्यावर आली तर मी बघेन."

अम्मी उठून आत गेली. तिथून निघेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. बारामतीला आल्यावरही नाही. मी निघायच्या आधी ती फक्त एकदा बोलली. माझी बॅग भरून होत आली होती, ती दारात येऊन उभी राहिली.

"माझ्या भावाचं मन मोडून चाललीस," ती म्हणाली. "कसली दुवा देऊ तुला?"

"द्यायची तर दे. नाही दिलीस तरी जाणारच आहे."

हे वाक्य कानांना कठोर लागतं, मला माहीत आहे. पण त्या वेळी मी जरा जरी नमले असते तर तिथंच बसले असते. विमानतळावर अब्बा एकटेच आले. मी आत जाताना त्यांनी सलाम करावा तसा हात वर केला आणि गर्दीत मला दिसेनासे होईपर्यंत तो खाली घेतला नाही.

वेल्सला पोचले तेव्हा पाऊस होता. पुढं कित्येक दिवस पाऊसच होता. आपल्याकडं पाऊस वरून खाली पडतो, तिथं तो समुद्राकडून आडवा येतो आणि छत्री उलटी करून पुढं जातो. पहिल्याच आठवड्यात माझी छत्री मोडली, मी दुसरी घेतली नाही. गावातल्या सगळ्या पाट्या दोन भाषांत होत्या. वर त्यांची स्वतःची, खाली इंग्रजी. दुकानातली माणसं आपसात त्यांच्या भाषेत बोलायची आणि माझ्याशी इंग्रजीत. बस ड्रायव्हरपासून प्राध्यापकापर्यंत कुणाला त्या भाषेची लाज नव्हती. मला ते फार आवडलं. पुण्यात शिकायला गेलेल्या आमच्या ओळखीच्या पोरी हाय-न्हाय बोलायचं विसरून येतात, ते आठवलं.

पण आवडण्यासारखं इतकंच नव्हतं, हेही खरं आहे. मामू म्हणाला होता ते पुष्कळसं खरं निघालं. चार वाजता अंधार पडायचा. कपडे वाळायचे नाहीत. मटण खरंच मिळायचं नाही, मी अंडी, मासळी आणि डाळभातावर होते. ईदच्या दिवशी विद्यापीठातल्या नमाजाच्या खोलीत निरनिराळ्या देशांतली आम्ही मोजकी मुलंमुली जमलो, नमाज पढलो, एकमेकांना मुबारक म्हटलं आणि वर्गाला गेलो. खोलीवर येऊन मी कांदा परतून अंड्यांचा खागिना केला आणि खाता खाता रडले. बर्मिंगहॅमला फोन केला असता तर मामू गाडी घेऊन आला असता. मी केला नाही. रडू आलं म्हणजे निर्णय चुकला असं होत नाही. रडू बारामतीतही येतच होतं.

मला सावरलं ते कामानं. आठवड्यातून काही दिवस आम्हाला डोंगरावरच्या शेतांत नेत. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, ओल्या कुरणात वाकून, चिखलातून गोगलगायी वेचायच्या. पहिली गोगलगाय सापडली तेव्हा मी ती तळहातावर घेतली. मसुरीच्या डाळीहून थोडी मोठी. एवढ्याशा जिवानं आमच्या दारात शेळी आणून टाकली होती. कोणत्या शेतात ती राहते, कुठं पाणी काढून दिलं की हटते, मेंढरं कोणत्या महिन्यात तिथून हलवायची, हे तिथले शेतकरी आणि विद्यापीठ मिळून ठरवत. मी सगळं लिहून घेत होते आणि प्रत्येक गोष्टीपुढं मनात सणसर लावून बघत होते. काही जुळायचं, बरंचसं जुळायचं नाही. आमच्याकडची गोगलगाय वेगळी, जंताची जातही वेगळी, ऊन वेगळं. प्राध्यापक बाई म्हणायच्या, जुळत नाही ते जास्त नीट लिही.

थंडी ओसरत होती तेव्हा एका रविवारी दारावरची घंटा वाजली. उघडलं तर बाहेर मामू, मामी आणि त्यांची धाकटी मुलगी. तिला तेव्हा शाळेचं शेवटचं वर्ष लागायचं होतं. तिघं पावसात भिजले होते. मामीच्या हातात डब्यांची पिशवी होती.

मामू लगेच आत आला नाही. दारातूनच आजूबाजूला बघत म्हणाला, "हितं मानूसच दिसत न्हाय. नुसती मेंढरं."

"मी सांगितलं होतं की."

"मी सांगितलं हुतं," तो म्हणाला. "तू न्हाय."

मी त्यांना चहा दिला. जेवायच्या आधी मामूला शेत बघायचं होतं, म्हणजे मी नेमकी कशासाठी त्याच्या घरी राहिले नाही ते बघायचं होतं. मी त्यांना जवळच्या ओळखीच्या शेतावर नेलं. शेतकऱ्यानं मला परवानगी देऊन ठेवलेली होती. मामूचे बूट चकचकीत होते, ते पहिल्याच पावलाला चिखलात गेले. मामी फाटकाशीच थांबली. मुलगी मात्र फाटकावरून उडी मारून आत आली आणि माझ्याबरोबर वाकून गोगलगायी शोधायला लागली. मी एक मेंढी धरली आणि तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून, रक्त कमी झालं की फिका पडतो तो आतला रंग बघितला.

"हे तर तुझा बाप करतो," मामू म्हणाला.

"त्यांच्याकडूनच शिकले."

"मग हे बघायला एवढ्या लांब यायचं?"

"डोळा फिका आहे हे अब्बा ओळखतात. फिका का झाला आणि पुढच्या शेळीचा होऊ नये म्हणून काय करायचं, ते मी शिकतेय."

मामूचं समाधान झालं नाही. जेवताना त्यानं मामीनं आणलेला खिमा माझ्या ताटात वाढला आणि मी केलेली अंडी स्वतः खाल्ली. निघताना गाडीत बसून काच खाली केली आणि म्हणाला, "तुझं चुकलंच. पर आता ऱ्हायलीयस तर नीट ऱ्हा. आन् तुझ्या आईला फोन कर. मी येऊन गेलो म्हनून सांग."

मी त्याच दिवशी फोन लावला. तोवर अम्मीनं फोन उचलला की ती 'देते' म्हणायची आणि अब्बांकडं द्यायची. मी घाईघाईनं म्हटलं, "मामू येऊन गेला."

या वेळी तिनं फोन अब्बांकडं दिला नाही. मग अम्मी म्हणाली, "काय खाल्लं त्यानं तुझ्याकडं?"

"अंडी."

"भाऊ एवढ्या लांबनं आला आन् तू अंडी वाढलीस?"

ती रागावली होती, पण माझ्याशी बोलत होती. अंडी कशी केली, कांदा किती घातला, याच्यावर आम्ही बराच वेळ बोललो.

शिक्षण पूर्ण करून मी परत आले. त्यावरही लोकांनी नावं ठेवली. तिकडं राहिली नाही म्हणजे तिकडं काही जमलं नसणार. आता मी जनावरांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या एका छोट्या गटाबरोबर कालव्याकाठच्या गावांतून फिरते. सणसरला मी बांधावरून वाकून चालले की पोरं म्हणतात, परदेशातनं शिकून आली आन् गोगलगायी येचती. म्हणोत. आमचं काम सगळंच यशस्वी होतं असं नाही. पाणी काढून द्या म्हटलं की शेतकरी हसतात, पाण्यासाठी तर जन्म गेला म्हणतात. पण पावसाळ्यानंतर शेळ्या कालव्याकडं सोडायच्या नाहीत, एवढं काही घरांनी ऐकलंय आणि त्यांच्या शेळ्या जगल्यात.

मध्यंतरी कोऱ्हाळे बुद्रुकचे एक गृहस्थ त्यांच्या मुलीला घेऊन आमच्या घरी आले. भिगवण रोडच्या ऑफिसात तुमचा फोटो बघितला, म्हणून पत्ता काढत आलो, म्हणाले. मुलीला बाहेर पाठवायचंय, कुठं पाठवावं? कॅनडात भावकीतला एक जण आहे.

मी मुलीला विचारलं, "तुला काय शिकायचंय?"

ती वडिलांकडं बघायला लागली. मी म्हटलं, "त्यांच्याकडं नको बघूस. काय शिकायचं ते आधी ठरव. मग ते कुठं नीट शिकवतात ते बघ. तिथं आपलं कोण राहतं ते शेवटी बघायचं."

तिचे वडील नाराज होऊन गेले. मुलगी जाताना माझा नंबर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी भिगवण रोडला गेले. भिंतीवर खरंच माझा फोटो होता, पदवी घेतानाचा, कुठून तरी उचललेला. खाली झेंडा आणि 'आमच्या मार्गदर्शनाने'. सर मला बघून उठून उभे राहिले, बसा म्हणाले, चहा मागवू का म्हणाले.

"फोटो काढा," मी म्हटलं.

"मॅडम, तुमच्याकडं बघून मुलींना प्रेरणा..."

"मी तुमचं ऐकलं नाही म्हणून मी तिथं पोचले. ते खाली लिहिणार असाल तर राहू द्या."

त्यांनी फोटो काढला. मी समोर उभी राहून काढून घेतला आणि घरी आणला. अब्बांना तो आवडला, त्यांनी कपाटावर उभा करून ठेवला.

परवा मामूचा फोन आला. अम्मी आणि मी मेथी निवडत बसलो होतो. मी स्पीकर लावला. मामू भडकलेला होता. त्याच्या धाकट्या मुलीनं बर्मिंगहॅममधल्या, घरापासून बसनं जाता येईल अशा विद्यापीठाला नकार देऊन स्कॉटलंडच्या पार उत्तरेला समुद्री जीवांचा अभ्यास निवडला होता. आईवडिलांना विचारलं नाही. सांगितलं.

"तूच बिघडवलंस तिला," मामू म्हणाला. "त्या दिवशी चिखलात घिऊन गेलीस तवापासनं."

"चांगलं केलं मग मी," मी म्हटलं. "तिला म्हणावं बूट आत्ताच घे. आणि छत्री घेऊ नको."

"मला चेष्टा नको. ती तितं एकली ऱ्हाणार. आपलं कुनी न्हाय तितं."

मी काही बोलायच्या आत अम्मीनं माझ्या हातातून फोन घेतला. हाताला मेथीची माती होती.

"पयला हिवाळा जड जातो," ती भावाला म्हणाली. "पोरीला बी आन् आपल्याला बी. मग हुतं समदं. तिच्याशी बोलायचं बंद करू नगंस. म्या केलं हुतं, त्यानं काय पोरगी माघारी आली न्हाय."

मामू बराच वेळ काहीबाही बोलत राहिला. अम्मी हूं हूं करत ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिनं पुन्हा जुडी हातात घेतली आणि मला विचारलं, "ते स्कॉटलंड म्हंजी लई लांब हाय का गं?"

"लांब आहे."

"असू दे," अम्मी म्हणाली.